वळाचा रंग लिहून ठेवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

तुमचं नाव, तालुका, दवाखाना, काहीच इथं लिहीत नाही. सरकारी डॉक्टरची बदली किती पटकन होते हे बेळगाव भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोठडीतल्या मारहाणीच्या खुणा तुम्ही जशाच्या तशा लिहिल्यात, त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं घरच्या सगळ्यांचं म्हणणं पडलं, म्हणून हे उघड पत्र. मराठी तुम्ही छान बोलता, वाचताना मात्र अडता असं कळलं. दवाखान्यातल्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला उचललं ते काळ्या दिनाच्या, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या दिवसाच्या तोंडावर. १ नोव्हेंबरच्या फेरीची पत्रकं त्याच्या पिशवीत होती, एवढाच काय तो गुन्हा. कुणी नेलं, कुठं नेलं, काही पत्ता नाही. एका ठाण्यात म्हणायचे "तिकडं विचारा", तिकडं म्हणायचे "या नावाचा कोण नाही इथं". बाबा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते. लाठ्या त्यांनीही खाल्ल्या, पण भर रस्त्यात, लोकांच्या देखत. कुठल्या दवाखान्यात नेलंय ते तासाभरात घरी कळलं होतं. या वेळी ते नुसते व्हरांड्यात बसून असायचे. पोरगा आहे की नाही, हेच कुणी सांगेना.

वकिलांनी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे पकडलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा असा, अर्ज टाकायचं ठरवलं. त्याची कुणकुण लागली असावी, कारण लगेच त्याला तुमच्यापुढं आणलं गेलं. अटक मेमोवर, म्हणजे अटकेच्या नोंदीच्या कागदावर, तारीख होती आदल्या संध्याकाळची. खाली साक्षीदार म्हणून कुणा अनोळखी माणसाची सही.

अटकेनंतरची ही वैद्यकीय तपासणी कशी उरकली जाते ते आता आम्हाला माहीत आहे. पोलीस बाजूला उभा, डॉक्टर टेबलावरूनच विचारणार "काही त्रास?", पोरगा मान हलवणार, "बाह्य जखमा नाहीत" असा शेरा पडणार, शिक्का बसणार. तुम्ही दोघा पोलिसांना बाहेर जायला सांगितलंत. "आरोपी पळाला तर?" असं त्यातला एक म्हणाला, तेव्हा तुम्ही नुसतं खिडकीच्या गजांकडं बोट दाखवलंत. दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "अंजब्याड तम्मा." घाबरू नको, बाळा. एवढ्या दिवसांत त्याच्याशी पहिल्यांदाच कुणी माणसासारखं बोललं होतं. घरी हे सांगताना तो इथंच थांबतो.

मग अंगावरचे सगळे कपडे उतरवून, पट्टी लावून, तुम्ही एकेक वळ मोजलात. चप्पल त्याला घालताच येत नव्हती. तळवे हातात घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिलेत, तेव्हा तो ओरडला. वुंड सर्टिफिकेटची, म्हणजे जखमांच्या दाखल्याची, प्रत माझ्याकडं आहे. डाव्या मांडीच्या मागं दोन समांतर वळ, मधला पट्टा फिका. काठी किंवा तसल्याच गोल वस्तूच्या फटक्यानं असं होऊ शकतं. दोन्ही तळव्यांना सूज. वळांचा रंग हिरवट, कडेला पिवळसर. आणि शेवटी, "अंदाजे पाच ते सात दिवसांपूर्वीच्या जखमा."

या शेवटच्या ओळीचं वजन वकिलांनी आम्हाला समजावून सांगितलं. ताजा वळ लाल असतो, मग निळा-काळा होतो, चौथ्या दिवसाच्या आसपास तपकिरी, पाचव्या-सहाव्याला हिरवट, आणि आठवडा उलटला की पिवळा पडत जातो. माणसागणिक फरक पडतो, म्हणूनच तुम्ही "अंदाजे" लिहिलंत. पण कितीही फरक धरला तरी काल अटक झालेल्याच्या मांडीवर आज हिरवा वळ कुठून येणार? मेमोतून जे दिवस गायब केले होते, ते तुमच्या एका ओळीनं परत आणले.

कायद्यात हे सगळं आहेच. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं हे राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे. अटकेच्या मेमोवर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितलं. तो खटलाही बसूंनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्रातूनच उभा राहिला होता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ तर डॉक्टरला स्पष्ट सांगतं की मारहाणीच्या खुणा आणि त्या अंदाजे केव्हाच्या, ते लिहा आणि प्रत अटक झालेल्याला द्या. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे, चित्रण १८ महिने जपायचं म्हणून. आमच्या वेळी कॅमेरा नेमका बिघडलेला होता. बिघडायचाच.

मॅजिस्ट्रेटनी तुमचा कागद दोनदा वाचला. पोलीस कोठडी मागितली होती, ती नाकारून त्याला न्यायालयीन कोठडीत हिंडलग्याच्या तुरुंगात पाठवलं. पोरगा जेलमध्ये गेला, म्हणजे पोलिसांच्या हातून सुटला, म्हणून त्या रात्री आमच्या घरात सगळे पोटभर जेवले. धाकधूक मात्र होतीच. पूर्वी पोलीस कोठडीचे १५ दिवस पहिल्या १५ दिवसांतच संपायचे. १ जुलै २०२४ ला ही नवी संहिता लागू झाल्यापासून ते, गुन्ह्यानुसार, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. त्यांनी परत मागितलीही. दर वेळी वकिलांनी तुमचाच कागद पुढं केला.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेत छळविरोधी विधेयक मंजूर झालं, ते राज्यसभेत अडकलं आणि बारगळलं. दिल्लीत हे असं, आणि इथं एक डॉक्टर पट्टी घेऊन बसतो.

एक गोष्ट गावातल्या काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. मारणाऱ्यांत एक जण आमच्याच मराठीत शिव्या देत होता. आणि पोराला वाचवलं ते कन्नडमधून धीर देणाऱ्या माणसानं. माझा भाऊ यंदाही फेरीला जाणार आहे; सीमाप्रश्नावरचं आमचं मत बदललेलं नाही, आणि तुमचं वेगळं असेल तर असू दे.

तो सध्या जामिनावर घरी आहे. तळवे रात्री ठणकतात, पण चालतो. मारहाणीच्या तक्रारीत तुम्हाला साक्षीचं समन्स येईल, ओपीडी सोडून खेटे घालावे लागतील, उलटतपासणीत काहीबाही विचारतील. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आईला तुम्हाला जेवायला बोलवायचं होतं. साक्षीदारानं फिर्यादीच्या घरी जेवू नये असं वकील म्हणाले, तेव्हा ती त्यांच्यावरच चिडली. निकाल लागेपर्यंत आमंत्रण राखून ठेवलंय. मांडे करणार आहे म्हणे.

आपला,
त्याचा थोरला भाऊ