ऑइल गळतीवरून सुन्याला लिहिलेलं पत्र

प्रिय सुन्या,

तुझ्या आल्टोच्या ऑइल गळतीबद्दलचा लांबलचक मेसेज वाचला, फोटोपण बघितले. फोन कर म्हणालास, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून सरळ लिहायलाच बसलो. तर गॅरेजवाल्याने १४ हजार सांगितले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणाला, वहिनींचं म्हणणं एवढे पैसे घालण्यापेक्षा गाडी विकून टाका, आणि तुझ्या डोक्यात व्हिडिओ बघून स्वतःच सगळं करायचं खूळ शिरलंय. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण ऑइल नक्की कुठून येतंय हे तिघांपैकी कोणीच बघितलेलं नाहीये.

तू पाठवलेत ते सगळे फोटो खालून काढलेले. खालून काय, सगळंच ओलं दिसणार. ऑइल वरून खाली येतं, आणि गाडी पळत असताना वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे जिथे थेंब लोंबतोय तिथे लिकेज असेलच असं नाही, बऱ्याचदा नसतंच. शोधायची असते ती सगळ्यात वरची ओली जागा. आता तुझ्या गाडीत थेंब कुठे लोंबतोय तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे, आणि तिथे थेंब दिसला की निम्मे मिस्त्री डोळे झाकून सांगतात की क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलं. गेलंही असेल, नाही म्हणत नाही. पण टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या हेडवरच्या (वरच्या भागावरच्या) झाकणाचं, पॅकिंग गिअरबॉक्सच्या बाजूच्या कोपऱ्यात कडक झालं तरी ऑइल हेडच्या मागून ओघळत ओघळत बरोब्बर त्याच जोडावर येऊन थांबतं आणि तिथूनच टपकतं. दिसायला सेम. एकाला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो आणि दुसरं पॅकिंग काही शे रुपयांचं आहे. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या गाडीचा असाच गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, बिल दिलं आणि पार्किंगमध्ये परत तोच डाग. शेवटी निघालं काय तर वरचं पॅकिंग. गॅरेजवाला म्हणे सील पण खराबच होतं हो. असेल बाबा.

म्हणून आधी एक रविवार यात घाल. इंजिन थंड असताना रॉकेलसारखं काहीतरी किंवा तो डिग्रीझरचा स्प्रे मिळतो तो मारून ब्रशने सगळं साफ कर, अल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांध, आणि हे कर पण सर्व्हिसिंग सेंटरला नेऊन प्रेशरचं पाणी इंजिनावर मारून घेऊ नकोस, इलेक्ट्रिकच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं की दुसरंच दुखणं मागे लागतं. पूर्ण कोरडं होऊन वास जाईपर्यंत गाडी चालू करू नकोस. मग जिथे जिथे संशय आहे तिथे घरातली टाल्कम पावडर भुरभुरव. हसू नकोस, खरंच चालतं हे. मग गाडी त्र्यंबकपर्यंत नेऊन आण, नुसती कॉलनीत फिरवू नकोस, इंजिन नीट तापलं पाहिजे, थंड ऑइल घट्ट असतं ते लवकर बाहेर येत नाही. आल्यावर टॉर्च मारून बघ, पावडरवर ओली रेघ उठलेली असते आणि ती वर कुठे सुरू होते ते स्पष्ट दिसतं. रात्री खाली मोठा पुठ्ठा टाक आणि पुठ्ठ्यावर पुढची बाजू कुठली ते लिहून ठेव, नाहीतर सकाळी उलटसुलट होतं.

आणि ते ऑइल इंजिनचंच आहे ना हे पण बघ. गिअर ऑइल जास्त चिकट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की कधी विसरत नाही. कूलंट बहुतेक वेळा हिरवं किंवा लाल असतं आणि बोटाला पातळ लागतं. एसी लावल्यावर पडतं ते निव्वळ पाणी. आमच्या इथले गॅरेजवाले मामा आहेत ना, ते पहिल्यांदा पाना हातात घेतच नाहीत. थेंब बोटावर घेतात, अंगठ्याने चोळतात, नाकाशी नेतात, मग दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा छोटा आरसा हेडच्या मागे घालून टॉर्चच्या उजेडात बघत बसतात. पंधरा-वीस मिनिटं जातात त्यात. आणि मग म्हणतात शंभर रुपये द्या बघितल्याचे. लोक भांडतात, नुसतं बघायचे कसले पैसे म्हणतात, आणि दुसरीकडे जाऊन न बघता सांगितलेले हजारो रुपये मात्र गुपचूप देतात. माझ्या मते मेकॅनिकला खरे पैसे याच कामाचे द्यावेत, बोल्ट काय कोणीही फिरवतं.

आता कुठलं काम स्वतः करायचं आणि कुठलं द्यायचं. मी एकच हिशोब धरतो, त्या जागेपर्यंत हात पोचायला काय काय उतरवावं लागतं. टॅपेट कव्हर, ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टचा वायसर, ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशरचा स्विच, ही तुझी कामं. खालचं ऑइल चेंबर, म्हणजे ऑइल साठतं तो डबा, म्हणशील तर मी देईन मेकॅनिकला, कारण गाडी वर घ्यावी लागते आणि स्टेपनी बदलायच्या जॅकवर गाडी चढवून खाली झोपायचं नाही म्हणजे नाही, यावर चर्चा नको. पुढच्या बाजूची सीलं, म्हणजे कॅम आणि क्रँकची, टायमिंग बेल्टच्या मागे असतात, ती बेल्ट बदलताना एकदमच बदलून घ्यायची, कारण मजुरी सगळी तिथपर्यंत पोचण्याचीच असते. आणि मागचं क्रँक सील खरंच गेलं असेल तर मुकाट्याने पैसे दे. ते घरी करायचं काम नाही. पण मग १४ हजारात काय काय धरलंय ते विचार. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग बघून घ्यायचं, प्लेट संपत आली असेल तर तेव्हाच बदलायची, नाहीतर वर्षभरात परत गिअरबॉक्स खाली आणि परत तीच मजुरी. क्लच धरून १४ असतील तर तो माणूस तुला लुबाडत नाहीये. नुसत्या सीलचे असतील तर मात्र दुसरीकडे विचार.

मला विचारशील तर टॅपेट कव्हरच असावं, तुझी गाडी २००७ ची आणि पॅकिंग कधी बदलल्याचं तुला आठवत नाही म्हणतोस. तसं असेल तर हे काम तू कर, मजा येते. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. एअर फिल्टरचा पाइप काढायचा, प्लगच्या वायरी काढण्याआधी चिकटपट्टीवर नंबर टाकून ठेवायचे, बोल्ट थोडे थोडे सगळीकडून सैल करायचे. कव्हर चिकटलेलं असतं, रबरी हातोडीने बाजूने हलकं ठोकलं की सुटतं, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नको, ॲल्युमिनियमला खाच पडली की तिथून कायमचं गळणार. जुनं पॅकिंग हातात घेऊन बघ, जुन्या कुकरच्या रिंगसारखं कडक आणि चपटं झालेलं असतं, वाकवलं तर तुटतं. उष्णतेने रबराचा लवचीकपणा जातो, दाब पडला तरी ते फुगत नाही, आणि मग ऑइलला वाट मिळते, बस एवढंच. खोबणी आणि हेडची कड पेट्रोलच्या बोळ्याने पुसून एकदम कोरडी कर, आत कचरा पडू देऊ नको. नवीन पॅकिंग खोबणीत नीट बसव आणि सिलिकॉन फक्त कोपऱ्यात, जिथे अर्धगोल वळण येतं तिथे, टिकलीएवढं. काही जण सगळीकडून ट्यूब पिळतात, मग ते जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि चेंबरमधल्या, ऑइल वर ओढलं जातं त्या जाळीत जाऊन अडकतं, म्हणजे लिकेज बंद आणि इंजिन उपाशी.

बोल्ट आवळताना मधून सुरू करून बाहेर जायचं, समोरासमोर, आणि पाना आखूड धरायचा. हे बारके ६ एमएमचे बोल्ट आहेत, साधारण १० न्यूटन मीटर पुरतं. सगळा जोर लावून आवळलास तर पॅकिंग चिरडतं किंवा ॲल्युमिनियममधले आटे जातात, आणि मग ते काम स्वस्तात होत नाही. ड्रेन बोल्टचं पण तेच, मेकॅनिकच्या पोऱ्याने लांब पान्याने आवळलेला बोल्ट हे अर्ध्या महाराष्ट्रातल्या गाड्यांच्या गळतीचं कारण असेल असं मला उगाच वाटतं. वायसर दरवेळी नवा घालायचा, इतका स्वस्त आहे तो.

हां, आणि त्याआधी ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व चोंदलाय का बघ. इंजिनातला दाब तिथून बाहेर गेला नाही तर तो मिळेल त्या सीलमधून ऑइल ढकलतो, नवीन पॅकिंग पण टिकत नाही. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढून बघ, भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग पॅकिंगचं सोड, ते मोठ्या खर्चाचं दुखणं आहे आणि तेव्हा वहिनींचं ऐकायचा विचार कर.

अजून एक पर्याय कोणी तुला सांगितला नसेल, काहीच न करणं. नुसतं पाझरत असेल, थेंब पडत नसेल, तर दर आठवड्याला सपाट जागेवर गाडी लावून डिपस्टिक बघ आणि लागेल तसं ऑइल टाक. अख्ख्या इंजिनात ३ लिटरच्या आसपास ऑइल बसतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी होणं पण या गाडीला चांगलंच जाणवतं, मोठ्या गाडीवाल्यांचे सल्ले ऐकू नकोस. ऑइल एक्झॉस्टवर पडून जळकट वास येत असेल, टायमिंग बेल्ट भिजत असेल, किंवा क्लच सुटायला लागला असेल तर मात्र चालढकल नको. आणि डॅशबोर्डवरचा तो लाल किटलीचा दिवा म्हणजे ऑइल कमी झाल्याचा निरोप नाहीये, तो दाब गेल्याचा दिवा आहे, तो चालताना लागला तर पुढच्या चौकापर्यंत नेतो म्हणायचं नाही, तिथेच बाजूला घेऊन बंद करायची.

विकायचं म्हणतोस... म्हणजे वहिनी म्हणतात, त्यांना हे सांग. २०२२ पासून १५ वर्षं झालेल्या कारची नोंदणी पुढे वाढवायची फी ६०० वरून ५ हजार झाली, ती तू भरलीस. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १० हजार केली, आणि तुझी मुदत २०२७ मध्ये संपते, शिवाय पर्यावरण कर आहेच. म्हणजे गाडी पुढे पाच वर्षं वापरणार असशील तर हे धरूनच हिशोब कर, नुसत्या १४ हजारांचा नको. तरी पण मी ठेवेन. गंजलेली नाही, इंजिन ओढतंय, नव्या गाडीचे दोन हप्ते भरले की १४ हजार असेच जातात, आणि तुमच्या त्या अरुंद बोळात आल्टोशिवाय दुसरं काय शिरणार आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावलीये म्हणालास, तर तोपर्यंत खाली पत्र्याचा ट्रे ठेव आणि त्यात वाळू टाक. डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवला की बराचसा उचलला जातो. जुनं ऑइल काढलंस तर गटारात नको ओतूस, कॅनमध्ये भरून गॅरेजवर दे, सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला नेतात ते.

आता तू असं कर, इंजिन धुऊन पावडर मारून त्र्यंबकला जाऊन ये आणि या वेळी फोटो वरून काढ, हेडच्या मागचा कोपरा दिसला पाहिजे, आरसा धर नाहीतर मोबाइल मागे घालून व्हिडिओ घे. मामांना दाखवतो. टॅपेट कव्हर निघालं तर पुढच्या महिन्यात मी येतोच आहे नाशिकला, माझा गोटीपाना (सॉकेट) सेट घेऊन येईन, तू फक्त पॅकिंग आणून ठेव, कंपनीचंच घे, आणि घेताना गाडीचा चासी नंबर दाखव, नाहीतर दुकानदार मारुती ८०० चं देईल.

तुझा,
विज्या