बाबा, ॲक्सिलरेटर डाव्या हातात असतो

ओरेगन, १२ ऑक्टोबर

ती. बाबांना आणि आईला सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "हेलिकॉप्टरचा ॲक्सिलरेटर पायात असतो की हातात?" मी "हातात" म्हटलं, तेवढ्यात तिकडे कुकरची शिट्टी झाली, आईने फोन घेतला आणि विषय तिथेच राहिला. मला मात्र चुटपुट लागून राहिली आहे, कारण गेले तीन आठवडे मी तेवढंच शिकते आहे. आज पहाटेपासून पाऊस लागलाय, येऊरच्या डोंगरावर ढग टेकतात तसे इथे टेकलेत. उड्डाण रद्द. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सीटच्या डाव्या बाजूला गाडीच्या हँडब्रेकसारखा एक दांडा असतो, त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. तो वर घेतला की डोक्यावरच्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर उचललं जातं. त्याच दांड्याच्या पुढच्या टोकाला थ्रॉटलची मूठ. ती बाहेरच्या बाजूला वळवली की इंजिनाला जास्त इंधन मिळतं, आत वळवली की कमी. बाबा, तुम्ही मला उपवनला चेतक शिकवलीत तेव्हा डाव्या मुठीत क्लच आणि गिअर होते, रेस उजव्या हातात. इथे रेस डाव्या हातात आल्यामुळे पहिले काही दिवस माझं मनगट भलतीकडेच वळायचं.

वर जायचं म्हणजे पंखा जास्त जोरात फिरवायचा, असं मलाही वाटायचं. तसं नाही. पंख्याचा वेग वाढवायचा नसतो, राखायचा असतो. मी ज्या छोट्या हेलिकॉप्टरवर, आर-२२ वर, शिकते तिच्या एकाच डायलवर दोन काटे आहेत, एक इंजिनाचा, एक पंख्याचा. उडताना दोन्ही १०१ ते १०४ टक्क्यांच्या हिरव्या पट्ट्यात हवेत. १०४ टक्के म्हणजे पंख्याचे मिनिटाला साधारण ५३० फेरे. कोन वाढवला की पात्यांना हवा जड लागते, इंजिनावर लोड येतो आणि काटे खाली यायला लागतात. म्हणून दांडा वर जाताना मूठही उघडत जायला हवी. इंजिनाने जोर लावला की नाक उजवीकडे वळू बघतं, तेव्हा डावा पाय पेडलवर तयार. दोन हात, दोन पाय, सगळ्यांनी एकदम.

रोजच्या उड्डाणात मूठ आपोआप फिरवून वेग राखायला गव्हर्नर असतो, तुमच्या कारखान्यातल्या जनरेटरवर होता तसा. शिवाय दांडा वर गेला की थ्रॉटल थोडं आपसूक उघडेल अशी जोडणीही असते. पण मला शिकवणारे सर दांड्याच्या टोकावरचं बटण दाबून गव्हर्नर बंद करतात आणि म्हणतात, आता तू सांभाळ.

गेल्या मंगळवारी तसंच चाललं होतं. जमिनीपासून पाच-सहा फुटांवर स्थिर राहायचं होतं. मागून वाऱ्याचा झोत आला, मशीन खाली बसायला लागलं आणि मी दांडा वर ओढला. मूठ तशीच राहिली. काटा घसरला, ९७ टक्क्यांवर वेग पडल्याचा हॉर्न वाजला, आणि हॉर्न ऐकून मी काय केलं? आणखी वर ओढलं. खाली जाणारी वस्तू हात वरच ओढणार, तो मुळी विचारच करत नाही. सरांनी त्याच क्षणी माझ्या हातासकट दांडा खाली नेला, मूठ बाहेर वळवली आणि स्किड, म्हणजे चाकांच्या जागी असलेल्या पट्ट्या, गवताला लागले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "हॉर्न वाजला की पहिल्यांदा मूठ बाहेर आणि दांडा खाली, दोन्ही बरोबर. जमीन नंतर बघ."

त्या रात्री झोप आली नाही. पडल्यापडल्या तुमचा लेथ आठवला, बाबा. दहावीच्या सुट्टीत वागळे इस्टेटला तुमच्यासोबत आले होते. नव्या मुलाने एकदम जास्त कट घेतला, चक घरघरायला लागला आणि तो हँडल आणखी पुढे ढकलत होता. तुम्ही धावत जाऊन आधी टूल मागे घेतलंत. मग त्याला म्हणालात, "मशीन दमलं की ओझं काढायचं, ढकलायचं नाही." हेलिकॉप्टरही नेमकं तेच मागतं. आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, पडला की इंजिनाची ताकदही पडते, त्यात दांडा ओढला तर लोड वाढतो आणि आरपीएम आणखी पडतो. शिवाय उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पंखा शंभराचा नव्वदावर आला, तर त्याच कोनात उचल ८१ टक्केच उरते. खूप खाली गेला, समुद्रसपाटीला साधारण ८० टक्क्यांच्या आसपास, तर पाती हवा पकडेनाशी होतात आणि मग कितीही कौशल्य असलं तरी पंखा परत वेगात येत नाही. आर-२२ चा पंखा हलका असल्यामुळे तो वेग पटकन गमावतो. इंजिन थांबलं तर दांडा खाली न्यायला जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. आई, हे वाचून घाबरू नकोस. म्हणूनच तर ते आम्हाला रोज करायला लावतात.

दुसरी चूक उशिरा कळली. गव्हर्नर चालू असतानाही माझे काटे थरथरायचे. कारण मी मूठ इतकी घट्ट धरायची की गव्हर्नरला ती फिरवताच येत नव्हती. माणसाची मूठ त्याच्यापेक्षा जोरकस असते. आई, तू पोळी लाटताना लाटणं नुसतं हातावर फिरू देतेस, दाबलं की पोळी फाटते. आता तोच हात डोळ्यांसमोर ठेवते. अंगठा आणि दोन बोटं, बाकी सैल. गुरुवारी पहिल्यांदा मुठीला माझ्या हाताखाली आपोआप केसभर हललेलं जाणवलं. तो क्षण मी कधी विसरणार नाही.

इथल्या दमट थंडीत कार्ब्युरेटरमध्ये, जिथे इंधन हवेत मिसळतं तिथे, बर्फ धरतो. बर्फाने वाट अरुंद झाली की गव्हर्नर गुपचूप थ्रॉटल उघडत राहतो, काटे छान हिरव्यात दिसतात आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. म्हणून कार्ब्युरेटरच्या तापमानाच्या काट्यावर सारखी नजर ठेवावी लागते. बाबा, तुम्ही सुईवर विश्वास ठेवायचा नाहीत, कान द्यायचात. मला आता त्याचा अर्थ लागतो. इंजिनाचा स्वर बदलतो तो काटा हलायच्या आधी, आणि हेडसेटमधूनसुद्धा तो ऐकू येतो. परवा दोनदा मी हॉर्नच्या आधी हात हलवला.

बाकी सगळं ठीक. जेवण करते, झोप पुरेशी होते. गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवलंत का? आजीला सांगा, तिने दिलेली शाल कामाला आली. दिवाळीचा फराळ पाठवणार असाल तर चकली जास्त टाका, सरांनाही द्यायची आहे.

रविवारी सातला फोन करते. तेव्हा एवढं सांगा, कट जड झालाय हे तुम्हाला कशावरून कळायचं? आवाज चढायचा की आधी खाली उतरायचा?

तुमची,
मनू