कोंबडीची पहिली पिल्लं जगवायला मदत करणाऱ्यांचे आभार

मावळातल्या भातगिरणीवाल्या दादांनी दोन पोती तूस दिलं. लाकडाचा बारीक भुसा पिल्लं खातात, म्हणून त्यांच्या खाली दोन इंच तूसच, आणि ओलं झालं की लगेच बदलायचं.

पशुवैद्यक ताईंचे आभार सर्वांत जास्त. सातव्या दिवसाच्या आत लासोटाचा (राणीखेत रोगावरची लस) एक थेंब डोळ्यात, चौदाव्याच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. लस बर्फातूनच आणायची. पिल्लांजवळ बल्बची ऊब पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात: बल्बखाली गठ्ठा केला तर गारठा, कडेला जाऊन चोची उघडल्या तर उकाडा. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे हे बघावंच लागतं.

फॅब्रिकेटर काकांनी षटकोनी जाळी परत पाठवून अर्धा इंची वेल्डेड जाळी बसवली. मुंगूस त्या पहिलीला जुमानत नाही!

भटकी कोंबडी कशी धरायची ते सांगणाऱ्या शेजारच्या आजींचे आभार. तिच्यामागे धावू नका, रोज ठरल्या वेळी मूठभर ज्वारी टाका, अंधारात दांडीवरून अलगद उचला. मग महिनाभर वेगळा पिंजरा, वेगळी भांडी, पंखांखाली उवा तपासायच्या, आणि तिचं दाणापाणी कळपानंतरच.