मा. कामगारमंत्री, शिवणाऱ्या बायकांच्या मानेचं काय?

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात पीसवर शिलाई करते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मानेचा एमआरआय बघून शिलाई बंद करायला सांगितली. मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे. उजव्या हाताची बोटं बधिर पडतात, सुईत दोरा ओवता येत नाही. मागच्या हंगामात एक सरकारी साहेब येऊन सांगून गेले होते, दिवाळीच्या आत पाठीच्या खुर्च्या येतील, तपासणी शिबिर होईल. दिवाळी झाली, ना खुर्ची आली ना शिबिर.

आमचं बसणं आपण एकदा येऊन बघा. बिनपाठीचं स्टूल, टेबल सगळ्यांना एकाच उंचीचं. ठेंगणी बाई खाली चिंध्यांचं गाठोडं घेते, मग तिचा पाय पायडलवर नीट टेकत नाही. बाही जोडताना टाका दिसावा म्हणून मान पार सुईपाशी न्यावी लागते, खांदे वर चढलेले. उठलं की पीस कमी, पीस कमी की पैसे कमी, म्हणून बाया लघवीलाही उठत नाहीत. दुपारनंतर मान भरून येते, शिलाई वाकडी जाते, बंडल उसवायला परत येतं. उसवायचे पैसे कोण देतं? रात्री शेक घ्यायचा, बाम चोळायचा, सकाळी परत तेच स्टूल. उत्पादन वाढवा म्हणून भाषणं करता, मग बसायला धड जागा द्यायचं का सुचत नाही?

कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, दगडाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस आहे. शिवणारीची मान, मनगट त्यात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2002 सालीच स्नायू-सांध्यांचे आजार आपल्या यादीत घेतले. तुम्हाला अजून किती वर्षं हवीत? कायद्याने कारखाना ठरायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 20 कामगार लागतात. आमच्यासारख्या लहान जागांत, घरोघरी शिवणाऱ्या बायकांना विचारणारं कोणीच नाही.

विश्वकर्मा योजनेत शिंप्याला अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर आहे. नव्या मशीनवरही मान वाकवूनच बसायचं ना? 2024 मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणत सरकारनेच बचत गटांच्या बायकांकडून शाळेच्या मुलांचे गणवेश शिवून घेतले. उशीर झाला, मापं चुकली, यावर केवढा गदारोळ झाला! त्या बायका कशा बसून शिवत होत्या, हे सत्ताधाऱ्यांनी विचारलं नाही आणि विरोधकांनीही नाही. निवडणुकीतले तुमचे झेंडेसुद्धा कोणीतरी असंच वाकून शिवलेले असतात. मतं मागायला दारात येता, पाठ मोडली की ओळख देत नाही.

उपकार नकोत. आमचा आजार यादीत घाला, औषधपाण्याचा खर्च द्या आणि खुर्च्या कोणत्या तारखेला येणार ते लेखी कळवा.

एक शिलाई कामगार,
सोलापूर