पहिला कोण आला ते छापलंत, आता गाडी कुठे बंद पडली ते पण छापा

मा. संपादक,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींवर जी लेखमाला चालू आहे ती मी पहिल्या भागापासून वाचतोय, फोटो छान असतात, माहितीपण चांगली असते. पण एक गोष्ट खटकते म्हणून हे पत्र. दर भागात कोण जिंकलं, किती तासात पोचलं, बक्षीस कुणाला मिळालं एवढंच येतं, आणि वाटेत गाडीला काय झालं ते एका ओळीत, "अनेक अडचणींवर मात करून". अहो त्या अडचणी कुठल्या तेच तर वाचायचं असतं! मी आयुष्यभर गॅरेजमधे काम केलंय, माझ्यासाठी खरी गोष्ट तिथेच आहे.

मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था, तिचंच बघा. ऑगस्ट 1888 मधे नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गाडी नेली, हे तुम्ही लिहिलंत. पण पेट्रोलची नळी चोकअप झाली ती तिने हॅटच्या पिनने साफ केली, इग्निशनच्या वायरला इन्शुलेशन म्हणून स्वतःचा गार्टर वापरला, चेनचं काम लोहाराकडून करून घेतलं, आणि लाकडी ब्रेक घासून संपत आले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं हे कुठेच नाही. आज आपण ज्याला ब्रेक लायनर म्हणतो त्याची सुरुवात त्या चामड्यात आहे. चढावर गाडी ओढेना, मुलांना उतरून ढकलावी लागली, तर घरी परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी अजून एक गिअर पाहिजे. वर्कशॉपमधे उभ्या गाडीवर हे कळलं असतं का? नसतंच कळलं. इंजिन तासभर चालवून बघितलं तर ते चालतंच, पण खडबडीत रस्त्यावर दिवसभर हादरे बसले की नट ढिले होतात, स्प्रिंगचे पाटे तुटतात, चेन लांबते, पाणी उकळून उडून जातं, धूळ सगळीकडे शिरते. त्या काळच्या काही गाड्यांमधे तर स्पार्कच नव्हता, बर्नरवर तापवलेल्या नळीने पेट्रोलची वाफ पेटायची, जोराचा वारा आला की बर्नर विझला आणि गाडी उभी.

1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिसमधे लेव्हासॉर 48 तास 48 मिनिटात आला हे सगळ्यांना माहिती आहे. त्याच शर्यतीत मिशलँ बंधू हवेचे टायर लावून उतरले होते, सारखे पंक्चर होऊन 100 तासांची मर्यादा ओलांडली. निकालात ते हरलेले, पण नंतर सगळं जग कुठल्या टायरवर आलं ते बघा.

इंग्लंडमधल्या 1900 सालच्या हजार मैलांच्या ट्रायलमधे ग्रॅहम-व्हाइटच्या गाडीचं स्टिअरिंग तुटलं तर त्याने पुढच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, पायाने दाब देऊन पन्नासेक मैल गाडी वळवत नेली, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. स्टिअरिंग तुटणं म्हणजे काय हे ज्याने एकदा अनुभवलंय त्यालाच कळेल.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तुम्ही पूर्णच सोडलीत. 1907 मधे रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टची 15,000 मैलांची चाचणी झाली, ऑटोमोबाइल क्लबचे निरीक्षक गाडीत बसून सगळी नोंद ठेवत होते. 629 मैलांवर गाडी थांबली. कारण काय, तर हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, आपोआप बंद झाला! एवढ्या भारी गाडीत एक साधा कॉक. त्यानंतर 14,371 मैल गाडी स्वतःहून कुठेही बंद पडली नाही, टायरचं पंक्चर यात धरलेलं नाही कारण पंक्चर तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असायचं. मग गाडी पूर्ण खोलून एक एक पार्ट मोजला आणि नव्यासारखी करायला 2 पौंड 2 शिलिंग 7 पेन्सचे पार्ट लागले. मला यात गाडीपेक्षा जास्त कौतुक या गोष्टीचं वाटतं की तो कॉक लपवला नाही, लिहून ठेवला. गिऱ्हाइकाला गाडी परत देताना काय खराब होतं ते स्पष्ट सांगणारे मेकॅनिक मी फार कमी बघितलेत.

पुढच्या भागात पेकिंग-पॅरिस शर्यत येणार असं तुम्ही लिहिलंय. तर प्रिन्स बोर्गेसे 10 ऑगस्ट 1907 ला पॅरिसला पहिला पोचला एवढ्यावर संपवू नका प्लीज. त्याच्या इटाला गाडीची चाकं लाकडी होती, लाकूड सुकून आक्रसलं, आरे हलायला लागले, तर चाक फुगावं म्हणून ते रात्रभर पाण्यात ठेवलं, तरी पुढे जाऊन तुटलंच, आणि मग रशियातल्या एका खेड्यातल्या सुताराने नुसत्या कुऱ्हाडीने नवीन आरे घडवून चाक उभं केलं. त्या चाकावर ती गाडी पुढे निघाली. त्या सुतारासाठी अर्धा कॉलम तरी ठेवा.

आपला,
एक जुना मेकॅनिक आणि नियमित वाचक