प्लास्टिकचे टोक म्हणजे प्लास्टिकची गोळी नव्हे

महोदय,

जुन्या घराच्या आवरासावरीत सापडलेल्या काडतुसांना आपल्या वृत्तात ‘प्लास्टिकच्या गोळ्या’ म्हटले आहे. दंगल आवरण्यासाठीच्या प्लास्टिकच्या गोळ्या निराळ्या. शिकारीच्या रायफलीच्या या काडतुसांत प्लास्टिकचे असते ते केवळ टोक. त्यामागची गोळी शिशाचीच असून तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. ‘प्लास्टिक’ या शब्दाने ती वस्तू खेळण्यातली वाटू लागते, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांच्या लोखंडी पेटीतही कॅनेडियन इंडस्ट्रीज या कंपनीच्या ‘डॉमिनियन सेबरटिप’ काडतुसांचा खोका निघाला होता. पितळेवर हिरवट डाग चढलेले, खोक्याच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि एका काडतुसाचे टोक नातवाच्या बोटाखाली चक्क हलत होते. त्याला ते पेनाचे टोपण वाटले.

या टोकाला कारण आहे. नुसत्या मऊ शिशाच्या नाकाची गोळी बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीत काडतुसे भरण्याच्या कप्प्यात, आपटून चेपते, तर प्लास्टिकमुळे तिची अणी शाबूत राहते आणि हवेचा अडथळाही कमी होतो. सावजावर आदळताच तेच टोक मागच्या पोकळीत पाचरीसारखे घुसते व गोळी फुलवते, म्हणजे ते जखम वाढवणारे असते. रेमिंग्टनच्या त्याआधीच्या ‘ब्राँझ पॉइंट’ गोळीत हेच काम धातूची अणी करी, आणि १९८४ मध्ये आलेल्या नॉसलर या कंपनीच्या ‘बॅलिस्टिक टिप’ने प्लास्टिकचे टोक सर्वत्र रूढ केले. नॉसलरच्या या टोकांचे रंग कॅलिबरनुसार, म्हणजे गोळीच्या व्यासानुसार, ठरलेले असतात. ती सजावट नव्हे.

जुनी काडतुसे जमवणारे शौकीन परदेशात पुष्कळ आहेत. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बाळगायलाही परवाना लागतो. निकामी झालेल्या पुराण्या शस्त्रांना त्यात सूट आहे. जिवंत काडतुसाला केवळ वय झाले म्हणून ती मिळत नाही, आणि कोरड्या जागी राहिलेल्या काडतुसातली दारू व ती पेटवणारी टिकली दशकानुदशके टिकू शकते. परवाना संपल्यास माल जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावा, असे कलम २१ सांगते.

हे वाचून मी ठाण्यात चौकशीला गेलो, तेव्हा तेथील एका कर्मचाऱ्याने ‘फुटाळा तलावात टाकून द्या ना काका’ असा सल्ला दिला. दोन हेलपाट्यांनंतर ठाणेदारांनी घरी माणूस पाठवला, पंचनामा करून खोका नेला आणि नगांच्या संख्येसह पोच दिली. ती पोच वडिलांच्या जुन्या परवान्यासोबत जपून ठेवली आहे.

मूळ बातमी पहिल्या पानावर होती. दुरुस्तीही तेथेच छापावी आणि तीत काडतुसे जमा करण्याची तरतूद एका ओळीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर