संग्रहालयातल्या त्या ताईंचे मनापासून आभार

घरातला पाइप फुटला, भिंत ओली झाली आणि बाबांनी काढलेलं आईचं पेन्सिलचित्र भिजून खालून फाटलं. संग्रहालयाच्या उन्हाळी कार्यशाळेत ते नुसतं दाखवायला नेलं होतं. संवर्धन विभागातल्या ताई कार्यक्रम संपल्यावरही आमच्यासाठी थांबल्या. सेलोटेप लावू नका, तिचा चिकटा कागदात मुरून पिवळा पडतो, असं सांगत त्यांनी पातळ जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने मागून लावली. वर टीपकागद आणि वजन. ही खळ पुढे गरज पडली तर ओलाव्याने सुटते, म्हणून मूळ कागदाला धक्का नाही.

आणि दर वेळी आधी आईला विचारायच्या, "लावू ना हात?" किती मोठी गोष्ट ही! रडवेली आई हळूहळू त्यांच्याशी बाबांबद्दल बोलू लागली.

ताई, आईला खुर्ची आणून देणारे दादा, खूप खूप आभार.